भाव नसलेल्या जुन्या मोटारसायकली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजदूत, येझदी, एम-८०, केबी-१००, सीडी-१०० या गाड्या ज्यांच्याकडे आहेत किंवा ज्यांना घ्यायच्या आहेत, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कागदपत्रांची उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. सरकारी शुल्क बदलत असतं, म्हणून आरटीओत जाण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर ताजा आकडा एकदा बघून घ्या.

१. 'भाव नसलेली गाडी' म्हणजे नेमकी कुठली? बुलेट, आरएक्स-१०० त्यात येतात का?

नाही येत. आरएक्स-१०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं आणि तेव्हापासून तिची मागणी वाढतच गेली. राजदूत ३५० संग्राहकांच्या हातात गेली आणि बुलेटची हौस तर कधी कमी झालीच नाही. आमचा जीव अडकलाय तो ज्यांच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही अशा गाड्यांमध्ये: दूधवाल्यांची राजदूत १७५, किराणा दुकानासमोरची एम-८०, मास्तरांची सीडी-१००, इंड-सुझुकी, केबी-१००, लुना. येझदी सीमेवर आहे. मुंबई-पुण्यात तिला भाव आलाय, पण तालुक्याच्या गावात अजूनही ती गोठ्याच्या भिंतीला टेकलेली सापडते.

२. नवीन गाडी हप्त्यावर सहज मिळते. मग या जुन्या, धूर सोडणाऱ्या गाडीत लोकांना आवडतं तरी काय?

पहिलं कारण म्हणजे ही गाडी समजते. राजदूत १७५ चं उदाहरण घ्या. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने ती १९६२ पासून इथे बनवली. इंजिन १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा पेट्रोल जळतं (फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा). त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढंच हलतं. इंजिनात ताजं मिश्रण घेण्याचं आणि जळलेला धूर बाहेर टाकण्याचं काम सिलिंडरच्या भिंतीतली भोकं करतात, आणि ती उघडतो-झाकतो तो पिस्टनच. हेड उतरवून हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे रस्त्यात बंद पडली तरी तुम्ही घाबरत नाही. प्लग पाना, बारीक पॉलिश पेपर आणि थोडा धीर एवढ्यावर माणूस घरी पोचतो. हा विश्वास नव्या गाडीत विकत मिळत नाही, कारण तिथे बिघाड कळायला आधी संगणक जोडावा लागतो.

दुसरं कारण, या गाड्या कामासाठी बनल्या होत्या आणि अजूनही कामाला येतात. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पुढे टाकीवर पोरगं, मध्ये बाप, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अशा गाडीवर ओरखड्याची चिंता नसते. ती पावसात भिजते, एसटी स्टँडवर दिवसभर उभी राहते, तिच्यावर खताचं पोतं टाकता येतं. भाव नाही म्हणूनच ती मनमोकळेपणाने वापरता येते.

आणि तिसरं कारण माणसं. ताशी पन्नासच्या वेगाने जिल्हा मार्गावरून जाताना चहाच्या टपरीवर थांबलात, की कुणीतरी नक्की जवळ येतं आणि म्हणतं, "आमच्या आण्णांकडं हीच होती." मग सीटवर हात ठेवून ते पाच मिनिटं बोलतात. कुणी लग्नात मिळालेली गाडी सांगतं, कुणी याच गाडीवरून बायकोला बाळंतपणासाठी तालुक्याला नेलेलं सांगतं. महागड्या गाडीजवळ लोक फोटो काढतात, या गाडीजवळ ते स्वतःची गोष्ट सांगतात. माझ्या मते या छंदातली खरी कमाई ती.

३. पहिल्यांदाच जुनी गाडी घेतोय. कोणती घेऊ?

रोज वापरायची असेल तर सीडी-१००. १९८५ पासून धारुहेड्याला बनलेलं तिचं फोर-स्ट्रोक इंजिन इतकं टिकाऊ आहे की तिला जुनी गाडी म्हणवत नाही, आणि तिचे बरेच पार्ट्स अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. टू-स्ट्रोकचा लळा लागला असेल पण हात बसलेला नसेल तर सुझुकी सामुराई किंवा केबी-१००. वजनाला हलक्या, किक सोपी. राजदूत किंवा येझदीकडे तिसऱ्या पायरीवर या. ज्या गावात त्या गाडीचा मिस्त्री नाही, त्या गावात ती पहिली गाडी म्हणून घेऊ नका (प्रश्न १७ पाहा).

४. विकत घेताना काय काय तपासायचं?

आधी कागद, मग चॅसीस नंबर, मग इंजिन. हा क्रम बदलू नका. आरसी बुकातला चॅसीस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग दिसलं तर बोलणी तिथेच थांबवा.

मालकाला आधी कळवा की गाडी थंड ठेवा, आणि पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर थंडीत सुरू होत नाही हे लपवायला ती आधीच सुरू करून ठेवली असण्याची शक्यता असते. टाकीत मोबाईलचा उजेड टाका. तळाशी तांबूस थर असेल तर टाकी आतून गंजली आहे.

टू-स्ट्रोकमध्ये धुराकडे नीट बघा. सुरुवातीचा निळसर धूर चालतो. पण गाडी तापल्यावरही पांढरा दाट धूर येत असेल आणि मालक म्हणत असेल की गिअर ऑइल सारखं कमी होतं, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. सील स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला इंजिन खोलावं लागतं. खालून येणारी बोजड खडखड क्रँकच्या बेअरिंगची किंवा रॉडची असते. तो मोठा खर्च.

शेवटी हरवलेल्या वस्तू मोजा: मूळ मीटर, साईड बॉक्स, लॉक, टाकीवरची नावपट्टी. पिस्टन मिळतो, पण या लहान वस्तूंसाठी वर्षं जातात.

५. आरसी संपून बरीच वर्षं झाली. गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येईल का?

येईल. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

एप्रिल २०२२ पासून दुचाकीचं नूतनीकरण शुल्क १००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या दुचाकीला ते २००० केलं. मुदत उलटल्यास दर महिन्याला ३०० रुपयांचं विलंब शुल्क आहे आणि ते साचत जातं, म्हणून गाडीचा भाव ठरवताना ही रक्कम आधीच वजा धरा.

खरी अडचण वेगळीच असते. जुनी पुस्तकी आरसी परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढवलेलीच नसते, त्यामुळे ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी जिथे मूळ नोंदणी झाली त्या आरटीओत जाऊन जुन्या नोंदवहीवरून माहिती चढवून घ्यावी लागते. तिला बॅकलॉग एंट्री म्हणतात. दोन-तीन चकरा धरून चला. १९८९ पूर्वीचा, 'एम'ने सुरू होणारा तीन अक्षरी नंबर असेल तरी काळजी नको. नूतनीकरणात नंबर बदलत नाही, आणि तो जुना नंबर हे त्या गाडीचं भूषण आहे.

६. गाडी आजोबांच्या नावावर आहे. आजोबा नाहीत. काय करू?

वारसाने नाव लावण्यासाठी फॉर्म ३१ असतो. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडावा लागतो, शिवाय इतर वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत करायचं असतं. उशीर झाला तर दंडासह होतं, पण होतं. आरसीही संपली असेल तर दोन्ही कामं एकत्र काढा. आणि घरातल्या काका-आत्यांशी आधी तोंडी बोलून घ्या. गाडीला किंमत नसली तरी आजोबांची म्हणून ती सगळ्यांचीच असते.

७. गाडी फुकटात मिळतेय, पण कागद काहीच नाहीत. घेऊ का?

रस्त्यावर चालवायला नको. आरसी फक्त हरवली असेल आणि मालक हयात असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत त्यालाच काढायला सांगा आणि मगच व्यवहार करा. मालकाचा पत्ताच नसेल तर ती गाडी चोरीची नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. लिलावात घेतलेल्या गाडीची नुसती पावती म्हणजेही आरसी नव्हे. पुढची नोंदणी होते की नाही हे आरटीओत विचारूनच बोली लावा.

८. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते असं ऐकलं. खरं का?

महाराष्ट्रातल्या खासगी दुचाकीसाठी खरं नाही. तपासणीत पास होते आणि नूतनीकरण झालंय तोवर ती चालते. हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांतून येतो. तिथे राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतही राहिले आहेत. बदलीवर तिकडे जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा.

९. माझी राजदूत पन्नास वर्षांची झाली. 'व्हिंटेज' नंबर घ्यावा का?

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाडीला ही नोंदणी मिळते, मात्र गाडीत फार मोठे बदल झालेले नसावेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

पण अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: साधी आरसी चालू असेल तर तीच वाढवत राहा. राजदूत बाजाराला, शेताला, पाहुण्यांकडे गेली पाहिजे.

१०. विमा आणि नवी नंबर प्लेट यांचं काय?

त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे, गाडी कितीही जुनी असो. ऑनलाइन यादीत राजदूत किंवा येझदी हे नाव बऱ्याचदा सापडत नाही. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत आरसी घेऊन गेलात तर काम होतं. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १३६६ रुपये असा वार्षिक हप्ता होता, त्यावर जीएसटी वेगळा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावणं बंधनकारक आहे. दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी. गाडी 'वाहन' प्रणालीत नसेल तर प्लेटची नोंदणीच होत नाही, आधी प्रश्न ५ मधलं काम करा.

११. येझदी घेतली, पण किक कुठे आहे तेच सापडेना!

गिअरचा लिव्हर हीच किक. तो आत दाबून वर फिरवायचा, किक मारायची, आणि इंजिन सुरू झालं की परत गिअरच्या जागी आणायचा. जावा-येझदीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे गिअर बदलताना तोच लिव्हर क्लचही सोडवतो, त्यामुळे हातातला क्लच न दाबताही गिअर पडतो. सवय मात्र हाताच्या क्लचचीच ठेवा. क्लचच्या प्लेटा जास्त दिवस टिकतात आणि दुसऱ्या गाडीवर बसल्यावर गोंधळ होत नाही.

१२. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं?

राजदूत, येझदीला वेगळा ऑइल पंप नाही, इंजिनला वंगण मिळतं ते टाकीतल्या मिश्रणातूनच. जुने मिस्त्री लिटरमागे ४० मिली सांगतात आणि मी तेच धरतो. नवीन बोअर-पिस्टन असेल तर पहिले पाचशे किलोमीटर ५० मिली. चांगल्या प्रतीचं टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल वापरणारे काहीजण ३० वर येतात. धूर कमी होतो, पण ऊन-घाटात मला ते धाडसाचं वाटतं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल कधीही टाकू नका. आरएक्स आणि सुझुकीला ऑइलची टाकी वेगळी असते, तिथे मिसळायची गरज नाही, पण ती टाकी रिकामी होऊ देऊ नका.

गाडी आठवडाभर उभी असेल तर पेट्रोल कॉक बंद ठेवा आणि काढण्यापूर्वी गाडी दोन्ही बाजूंना हलवा. नाहीतर तळाशी बसलेलं ऑइल कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि प्लग काळा होतो.

१३. घाट चढताना गाडी व्यवस्थित होती, उतरताना इंजिन जाम झालं. असं कसं?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि उत्तर सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. मिश्रणावर चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये रेस सोडली की पेट्रोल कमी होतं, आणि पेट्रोलबरोबर ऑइलही. पण गाडी उतारावर गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन मात्र वेगाने फिरतच राहतं. चढणीने आधीच तापलेला पिस्टन आता जवळजवळ कोरडा घासू लागतो आणि सिलिंडरला धरतो. वरंधा, आंबा, फोंडा अशा लांब उताराच्या घाटांत हे हमखास होतं.

उपाय साधा आहे. चढण संपली की दोन मिनिटं थांबा, पाणी प्या. उतरताना रेस पूर्ण बंद करून गाडी सोडून देऊ नका, दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक लहान रेस द्या, म्हणजे ऑइल जातं. टू-स्ट्रोकचं इंजिन मुळातच गाडी फार अडवत नाही, त्यामुळे ब्रेकवर भार येतो. ड्रम ब्रेक सलग दाबून धरला तर तापून पकड सोडतो. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वेग आधीपासूनच कमी ठेवा.

चालता चालता गाडी अचानक जड वाटली, आवाज दबला, की विचार न करता क्लच ओढा आणि बाजूला घ्या. पिस्टन धरताना पहिला इशारा तोच असतो. थंड झाल्यावर बहुतेक वेळा इंजिन सुटतं. सुटलं तरी हळू चालवत घरी या आणि सिलिंडर उघडून बघा.

१४. आताच्या इथेनॉल मिश्रित पेट्रोलने जुन्या गाडीचं नुकसान होतं का?

काळजी घेतली नाही तर होतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतली वाफ शोषतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी उतरतं आणि गंज धरतो. कॉकचे वॉशर, पेट्रोलची नळी, फ्लोट निडलचं टोक असे जुने रबरी भाग फुगतात किंवा चिरतात. ते एकदाच नव्या प्रतीचे बसवून घ्या. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरमधला तोच जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आता मिश्रण थोडं पातळ करतो आणि इंजिन जास्त तापतं. प्लगचं टोक पांढरट दिसू लागलं तर मिस्त्रीला सांगून मेन जेट एक नंबर मोठा टाका. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी चालवत राहा. टाकीतलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपलं तर यातल्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत.

१५. किका मारून पाय दुखला, गाडी सुरूच होत नाही. कुठून सुरुवात करू?

प्लग काढा. ओला आहे म्हणजे पेट्रोल येतंय. कोरडा असेल तर कॉक, नळी, कार्बोरेटर या क्रमाने बघा. मग प्लग टोपणात घालून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर पॉइंट (उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारा स्विच) साफ करा आणि फट साधारण ०.४ मिमी ठेवा. पॉइंटवरच खूप ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला. गाडी थंडीत सुरू होते, पंधरा मिनिटांनी बंद पडते आणि निवल्यावर परत सुरू होते, ही कंडेन्सर किंवा कॉइलची ठरलेली तक्रार.

प्लग ओलाचिंब असेल तर कॉक बंद करा, प्लग काढून रेस पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा किका मारा, प्लग पुसून लावा.

सुरू होते पण ओढत नाही? मग सायलेन्सर बघा. टू-स्ट्रोकमध्ये वर्षानुवर्षांचा कार्बन आतली जाळी बुजवतो. लोक बोअरिंगवर खर्च करतात आणि दोष सायलेन्सरमध्ये असतो.

१६. पार्ट्स कुठे मिळतात?

पुण्यात नाना पेठ. तिथल्या जुन्या दुकानांत काउंटरवरच्या पोराला नाही, आत बसलेल्या वयस्कर मालकांना विचारा. माळ्यावर काय पडलंय हे त्यांनाच ठाऊक असतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवार भरतो. मीटर, हँडल, लॉक अशा वस्तूंसाठी सकाळी लवकर जा. मुंबईकरांसाठी कुर्ला. दिल्लीच्या करोल बागेतून राजदूत-येझदीचा माल कुरिअरने येतो, पण नमुन्याचा फोटो आणि माप पाठवल्याशिवाय पैसे देऊ नका.

जे मिळतच नाही ते बनवून घ्यावं लागतं, आणि इथे कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरातल्या लेथवाल्यांना घासलेला बुश, किकचा शाफ्ट, तुटलेला ब्रॅकेट नेऊन दिला की ते मापाने नवा उतरवतात. ओतकाम आणि लेथ या गावाच्या हातात आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बेअरिंग आणि ऑइल सील मोटारसायकलच्या दुकानात 'मिळत नाही' म्हणतात, तेव्हा त्यावर कोरलेला नंबर किंवा मापं लिहून साध्या बेअरिंगच्या दुकानात जा. ती प्रमाणित मापाची असतात, पंपाला आणि पिठाच्या गिरणीलाही लागतात, आणि लगेच मिळतात. पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, केबल यांचा नवा माल येतो. दर्जा कमी-जास्त असतो, म्हणून दुकानात शिल्लक असलेला जुना कंपनी माल दिसला तर दोन नग घ्या.

१७. चांगला मिस्त्री कसा ओळखायचा?

जो आधी ऐकतो. गाडी सुरू करून डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहतो, मगच पाना उचलतो. या गाड्यांचे जाणकार मिस्त्री आता साठी ओलांडलेले आहेत, बऱ्याच जणांचं गॅरेज म्हणजे एक लोखंडी पेटी आणि झाडाची सावली. त्यांच्याकडे घाई करू नका, मजुरीत घासाघीस करू नका, आणि काम चालू असताना शेजारी बसा. पाने हातात द्या, पार्ट्स पेट्रोलने धुऊन द्या. ते आपसूक शिकवतात. पॉइंट सेट करणं, क्रँक सरळ करणं, रॉड किट बसवणं ही विद्या कुठल्याही संस्थेत शिकवत नाहीत, ती यांच्याबरोबर संपेल. म्हणून घरात उत्साही मुलगा-मुलगी असेल तर त्यांनाही बरोबर न्या.

१८. पूर्ण रिस्टोअर करू, की आहे तशी ठेवू?

माझं मत ठाम आहे. आधी चालती करा, वर्षभर चालवा, मग रंगाचा विचार करा. ब्रेक, टायर, वायरिंग, केबल, इंजिन या क्रमाने खर्च करा. कंपनीचा मूळ रंग फिका पडला असेल तरी तो एकदाच मिळतो, खरवडला की गेला. टाकीवर गुडघ्यांनी घासून पडलेली जागा आजोबांनीच तयार केलेली असते, ती बुजवू नका.

चॅसीस कापून कॅफे रेसर (रेसच्या गाडीसारखी बसकी गाडी) बनवण्याच्या मी विरोधात आहे. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. रंग किंवा इंजिन बदललं तर आरसीवर नोंद हवी. एक सूचना सगळ्यात महत्त्वाची: सँड ब्लास्टिंग किंवा पावडर कोटिंगला देताना चॅसीस नंबरवर जाड चिकटपट्टी लावून द्या आणि दुकानदाराला तोंडी बजावा. नंबर पुसट झाला तर पुढच्या तपासणीत गाडी अडकते.

दिव्याच्या बाबतीत मात्र मूळपणाचा हट्ट नको. सहा व्होल्टच्या उजेडात रात्री खड्डा दिसत नाही. बारा व्होल्टची यंत्रणा करून घ्या, जुने भाग जपून ठेवा.

१९. टू-स्ट्रोक पीयूसीत पास होते का? प्रदूषणाचं काय?

नीट ठेवली तर होते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००. या गाड्यांना प्रमाणपत्र सहा महिन्यांचं मिळतं. जाताना गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून तापवून न्या, सायलेन्सर आणि एअर फिल्टर साफ असू द्या.

टू-स्ट्रोक जास्त प्रदूषण करते हे खरंच आहे. ताजं मिश्रण आत येताना त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. म्हणून गल्लीत उभी करून रेस देऊ नका, ऑइल मापात टाका, आणि रोजच्या शहरी प्रवासाला दुसरी गाडी वापरा.

२०. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी राहणार आहे. कशी ठेवू?

टाकी एक तर गच्च भरा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धवट टाकीच गंजते. कार्बोरेटर रिकामा करा. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि किक हाताने हळूच फिरवा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, बॅटरी काढून ठेवा, मेन स्टँडवर उभी करा. वरून प्लॅस्टिक टाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर उत्तम. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे रिम आणि स्पोक्सना ऑइलचं फडकं फिरवून ठेवा.

२१. नवीन जावा-येझदीचे पार्ट्स जुनीला बसतात का?

नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी या नावांनी आलेल्या गाड्या पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक आहेत. नाव तेच, इंजिन पूर्ण वेगळं.

२२. गाडी सुरू झाली, पहिला गिअर टाकला आणि ती मागे गेली! भास झाला का?

भास नव्हे. पिस्टनच भोकं उघड-झाक करत असल्याने (प्रश्न २) असं इंजिन दोन्ही दिशांनी फिरू शकतं. किक अर्धवट बसली, पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडली, की तो उलटा ढकलला जातो आणि इंजिन तसंच चालू राहतं. आवाज थोडा वेगळा येतो. लगेच बंद करा आणि पुन्हा पूर्ण, ठाम किक मारा. वारंवार होत असेल तर पॉइंटचं टायमिंग पुढे गेलंय, मिस्त्रीला दाखवा. आणि भिंतीकडे पाठ करून लावलेली गाडी सुरू करताना पहिला गिअर अलगद टाका.

२३. आज घेऊन ठेवली तर दहा वर्षांनी भाव येईल का?

त्या विचाराने घेऊ नका. आरएक्सचं जे झालं ते एम-८० चं होईलच असं नाही, आणि झालं तर मला वाईट वाटेल. गुंतवणूक म्हणून घेतलेली गाडी झाकून ठेवली जाते. झाकून ठेवलेल्या गाडीची सीलं सुकतात, टाकी गंजते. शिवाय भाव वाढला की गावातल्या ज्या माणसाला ती खरोखर वापरायची आहे त्याच्या हातून ती जाते. विकायची वेळ आलीच तर चालवणाऱ्याला द्या, चार पैसे कमी आले तरी. नाव त्याच्यावर चढेपर्यंत मात्र पाठपुरावा करा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून विसरलात तर पुढचा अपघात तुमच्या नावावर नोंदला जातो.

२४. माझ्याकडे विनागिअर दुचाकीचं लायसन्स आहे. लुना आणि एम-८० चालवू शकते का?

लुना हो, एम-८० नाही. एम-८० दिसायला लहान असली तरी तिला हँडलवर हाताचे तीन गिअर आहेत, त्यामुळे गिअरच्या मोटारसायकलचंच लायसन्स लागतं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन्स मिळतं, पालकांच्या संमतीने. तेव्हा घरातल्या धाकट्यांना सुरुवात लुनावर करून द्या.